रोजचा देव : रेकॉर्डिंगच्या कामाच्या नोंदी

8 डिसेंबर 2024, रविवार

काम ठरलं एकदाचं. मार्चमधल्या सप्ताहात रोज हरिपाठाच्या आधी दहा मिनिटं द्यायचं मंडळानं कबूल केलंय, त्या वेळात मांडवातल्या स्पीकरवर आपण रेकॉर्ड केलेले आवाजाचे तुकडे वाजवायचे. विषय असा की रोजच्या साध्या कामात देव कुठं सापडतो. दरवर्षी कीर्तनात ऐकतो आपण, देव चराचरात आहे, मान डोलावतो, टाळ्या वाजवतो आणि घरी येऊन त्याला परत देवघरात बसवून दार ओढून घेतो, तर म्हटलं एकदा चराचराला माइक लावून तरी बघू.

सामान: माझा जुना रेकॉर्डर, कॉलरला लावायचा एक माइक, हेडफोन, आणि वाऱ्यासाठी माइकवर घालायची केसाळ टोपी, जिला भाचा मांजर म्हणतो. भाचा कॉलेजला आहे, देवाबिवावर त्याचा विश्वास नाही पण रेकॉर्डर धरताना हात हलत नाही, मला तेवढं बास.

एक आधीच ठरवलं, जात्यावरच्या ओव्या गोळा करायच्या नाहीत. ते काम हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी एवढं करून ठेवलंय, लाखाच्या वर ओव्या, त्यात आपल्या माजलगावच्या बायकांनी बाबासाहेबांवर म्हटलेल्यासुद्धा आहेत, त्यात मी अजून काय भर घालणार. आपण फक्त हातांचा आवाज घ्यायचा.

15 डिसेंबर, रविवार

दिवसभर गावात फिरलो. प्रश्न एकच, "तुम्हाला देव कुठं भेटतो?" आणि उत्तरंही जवळपास एकच. माइक दिसला की आपली माणसं प्रवचन द्यायला लागतात. एका काकूंनी तर आत जाऊन साडी बदलली, खुर्ची कॅलेंडरखाली ओढून घेतली आणि "देव भावाचा भुकेला असतो" इथून सुरुवात केली, ती माउलींपर्यंत जाऊन परत आली. रिटायर गुरुजी बोलले भरपूर, चांगलंही बोलले, पण त्यात गुरुजी स्वतः कुठंच नव्हते.

कामाचं एकच सापडलं आणि ते रेकॉर्ड झालं नाही. त्याच काकू, माइक काढून दिला, "बसा, चहा टाकते" म्हणत उठल्या, गॅस पेटवायच्या आधी शेगडीला दोन बोटं लावून कपाळाला लावली आणि मग लायटर शोधायला लागल्या. मी विचारलं, "काकू, हे काय केलंत?" तर म्हणे, "काय केलं?"

म्हणजे प्रश्नच काढून टाकायचा. उद्यापासून विचारायचं काही नाही, काम चालू असताना बाजूला बसायचं. भाच्याचं म्हणणं, "मग लोकांना कळणार कसं हे देवाचं आहे?" बघू. आत्ता ती काळजी नको.

22 डिसेंबर, रविवार

थोरल्या चुलतीकडं पहाटेच गेलो. घरात गॅस आहे, पण भाकरी परसातल्या चुलीवरच करते, नवा शाळू यायला अजून वेळ आहे म्हणून मागच्याच वर्षीच्या ज्वारीचं पीठ. थंडी मरणाची. माइक काठवटीपासून हातभर लांब, मांजर घालून.

आवाज एवढे असतात हे मला इतकी वर्षं भाकरी खाऊन माहीत नव्हतं. गरम पाणी पिठात पडतं तेव्हाचा दबका आवाज, मग तळहाताच्या खालच्या भागानं रेटून रेटून मळणं, त्यात बांगड्या काठवटीच्या काठाला लागतात, मग थापणं, थापताना भाकरी फिरते ते हेडफोनमध्ये स्पष्ट कळतं कारण थापेचा आवाज पातळ होत जातो. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात, चर्रर्र, आणि मग तवा उतरवून निखाऱ्यापुढं उभी केली की ती फुगते तेव्हा मात्र काहीच आवाज नाही, फुगून पापुद्रा फाटला तर वाफ सुटते तेवढीच.

पहिला गोळा थापायच्या आधी चुलतीनं त्यातलं चिमूटभर पीठ तोडून चुलीत टाकलं. मी गप्पच बसणार होते पण राहवलं नाही.

"हे काय गं माय?"

"आधी तिचं, मग आपलं."

"कुणाचं?"

"चुलीचं की. आन् तू काय करूलालीस ती वायर घेऊन, सरक, ठिणगी उडंल."

झालं. मुलाखत संपली. घरी येऊन ऐकलं तर त्या चिमटीचा आवाज अर्ध्या सेकंदाचा, नुसतं चस्स, आणि नेमका त्यावरच शेजारचा कोंबडा. गेन, म्हणजे आवाजाची पातळी, वाढवला की कोंबडा वाढतो. तरी ठेवायचा. कोंबड्यासकट.

गंगाखेडच्या जनाबाईची गोष्ट आठवली. तिच्या गोवऱ्या दुसरीनं चोरल्या, भांडण झालं, आता कुठली कुणाची ओळखायची कशी, तर जनी म्हणाली कानाला लावून बघा, जिच्यातनं विठ्ठल विठ्ठल ऐकू येईल ती माझी. आपण लहानपणापासून ही चमत्काराची गोष्ट म्हणून ऐकतो. मला आज पहिल्यांदा त्यातलं काम दिसलं, शेण थापताना बाई इतकं तेच ते म्हणत असेल की ते हातातनं गोवरीत उतरलं असं बघणाऱ्याला वाटावं.

कामापुरता नियम करून ठेवला: कामाला ज्याचा काही उपयोग नाही अशी बारकी कृती शोधायची. पिठाची चिमूट, शेगडीला बोटं. चिमटीशिवायही भाकरी होतेच, मग जास्तीची चिमूट कुणासाठी, तिथं माइक.

30 डिसेंबर, सोमवार. येळवस

आज लातूर ओस. वेळ अमावस्येला आमच्याकडं शहरात राहणारं कुणी सापडत नाही, ज्याचं शेत नाही तोसुद्धा कुणाच्या ना कुणाच्या शेतात जेवायला असतो. बाहेरच्या माणसाला एवढंच सांगते की लातूर-धाराशिव भागात हा दिवाळीपेक्षा मोठा सण आहे आणि तो देवळात होत नाही, रानात होतो.

आमच्या रानात कडब्याची कोप केली होती, आत चुना लावलेले पाच दगड, ते पांडव. भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, धपाटे आणि रंगवलेल्या मडक्यात आंबिल. भज्जीत हरभऱ्याचे कोवळे दाणे, तुरीचे दाणे, चिंचेचं पाणी, बेसन, रानात जे जे आहे ते सगळं. रेकॉर्डिंगला दिवस वाईट, वारा सुटलेला, शेजारच्या रानात डीजे, पोरांचा पतंग, मांजर घालूनसुद्धा माइकमध्ये नुसती भुरभुर.

पूजा झाल्यावर चुलता आंबिलाचं मडकं घेऊन निघाला, डोक्यावरनं घोंगडं, हातात पळसाचं पान, पिकावर शिंपडत आणि मागनं पोरं "वलगे वलगे सालम पलगे" ओरडत. भाचा रेकॉर्डर घेऊन मागं मागं. हरभऱ्यातनं चालायचं, मग कडब्याच्या सडावरनं, पावलांचा आवाज बदलतो तो छान आलाय.

उत्तरेच्या कोपऱ्यात बांधाची भानगड आहे. शेजाऱ्यानं बांध कोरला, मोजणी झाली, अर्ज झाले, केस कोर्टात, दोन्ही घरांचं बोलणं बंद, लग्नाच्या पत्रिका बंद. चुलता त्या कोपऱ्यात गेला, आपल्या बाजूनं शिंपडलं, थांबला, पान परत मडक्यात बुडवलं आणि बांधापलीकडं त्यांच्या तुरीवर शिंपडलं. दोन वेळा. पोरं ओरडतच होती, त्यांना काही कळलं नाही.

जेवताना मी विचारलं, "आबा, त्यांच्यात कशाला?"

"पिकाचं काय भांडण हाय आपल्यासंगं."

"आणि त्यांनी बघितलं असतं तर?"

"बघितलं तर बघितलं. तारखेला यायचंच हाय त्यानं." आणि खीर वाढायला सांगितली.

केस चालूच राहणार आहे, हे कुणी चुकीचं समजू नये. चुलता काही साधू झालेला नाही, वकिलाची फी कालच पाठवली. पण मला हे दोन शिंतोडे कुठल्याही प्रवचनापेक्षा मोठे वाटतात आणि गंमत म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये ते नाहीतच. पावलं आहेत, मग पावलं थांबतात, वारा आहे, मग पावलं परत सुरू. ऐकणाऱ्याला काय कळणार? तरी तो थांबण्याचा तुकडा कापला नाही. संध्याकाळी हेंडगा, म्हणजे गवताची पेंढी, पेटवून रानाभोवती पळवला त्याचा आवाज मात्र एक नंबर आलाय, फडफड फडफड.

9 जानेवारी 2025, गुरुवार. तेर

सुट्टी टाकून तेरला. संक्रांत मंगळवारी, म्हणजे कुंभारवाड्यात सुगडांची घाई. तेर म्हणजे गोरोबाकाकांचं गाव, तेरणेच्या काठावर त्यांची समाधी, आणि त्याच्याही आधीचं जुनं तगर, जिथला माल रोमपर्यंत जायचा, तिथल्या सरकारी म्युझियममध्ये दोन हजार वर्षांपूर्वीची मातीची भांडी मांडून ठेवलीत. म्हणजे या गावात माती थापटण्याचा आवाज तेवढा जुना आहे.

ज्यांच्याकडं गेलो ते आबा सत्तरीच्या पुढचे. नमस्कार, चहा, "कुठनं आलाव", "औश्याकडनं" वगैरे झालं. त्यांनी आधीच सांगितलं, "बोलायला टाइम नाही, बसा आन् बघा." मी म्हटलं आम्हाला तेच पाहिजे.

सुगडं मुलगा आणि सून करतात, चाक आता मोटरवर. आबांकडं एकच काम, भाजून निघालेली भांडी तपासायची. राखेतनं सुगड उचलायचं, पुसायचं, डाव्या हाताच्या बोटांवर तोलून धरायचं आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या पेरानं एकदाच टुण्ण. पक्कं असलं तर डावीकडं, आवाज भद्द आला तर उजवीकडं ढिगात. सारखं चालू, टुण्ण, टुण्ण, टुण्ण, भद्द, टुण्ण. वाजवताना मान किंचित कलती आणि डोळे कुठंच बघत नाहीत. मोठ्या माठांना दोनदा, एकदा पोटावर, एकदा गळ्याजवळ.

मी माझा नियम घेऊन बसलेले, जास्तीची कृती कुठंय. एकही नाही. सकाळी चाक सुरू करताना गोरोबाकाकांचं नाव घेतात असं सून म्हणाली, पण या तपासण्यात काही नाही. विचारलंच शेवटी.

"आबा, हे वाजवताना मनात काही म्हणता का? नाव वगैरे?"

"ह्यात कुठं नाव? नाव घेत बसलो तर कानात कसं शिरंल? हे धंद्याचं हाय माय."

मग त्यांना हेडफोनचं कौतुक. "काय ऐकूलालाव एवढं, बघू." लावले त्यांना. स्वतःच्याच टिचकीचा आवाज ऐकून आधी दचकले, मग हसले, आणि मग डावीकडची, म्हणजे पास झालेली, सुगडं परत एकेक उचलून वाजवायला लागले. पाच-सहा झाल्यावर एक कानाजवळ नेलं, परत वाजवलं, अंगठ्यानं काठावर चाचपलं आणि उजवीकडं टाकलं. मला दोन्ही आवाज सारखेच. "बारीक तडा हाय. वाणात कुणाच्या तरी हातात फुटलं असतं, सणाच्या दिवशी बाईच्या जिवाला लागतं." विकत किती जातं ते सुगड, तर काही रुपयांत. हेडफोन काढेनात. सुनेनं जेवायला हाक मारली तेव्हा काढले.

परत येताना गाडीत दुसरं काही सुचेना. माझा नियम आबांनी बाद केला. इथं सगळी कृती कामाचीच होती, जास्तीचं काही नव्हतं, आणि तरी या सगळ्या उद्योगात मला कुठं काही जाणवलं असेल तर ते त्या कलत्या मानेत.

आणि अर्थात ती गोष्ट. संत जमलेले असताना मुक्ताबाई गोरोबांना म्हणते, यातली कुठली मडकी पक्की ते बघा, आणि गोरोबा थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारत जातात. बाकी सगळे गप्प बसतात, नामदेव चिडतात. कच्चं मडकं! आता विचार करा, नामदेव म्हणजे आपले हिंगोलीतल्या नरसीचे, ज्यांच्याशी विठ्ठल बोलतो, हातनं जेवतो, तेच कच्चे. का, तर देव देवळातच दिसतो म्हणून. मग ते औंढ्याला नागनाथाच्या देवळात विसोबा खेचरांकडं जातात, तर विसोबा पिंडीवर पाय ठेवून निवांत झोपलेले, म्हणतात माझे पाय उचल आणि जिथं देव नाही तिथं ठेव. पाय ठेवील तिथं पिंड. नरसी, तेर, औंढा, तिन्ही आपल्याच मुलखात आणि आमचा प्रोजेक्टही तोच, फरक एवढाच की आम्ही पायांऐवजी माइक उचलून फिरतोय.

18 जानेवारी, शनिवार

लातूर, रयतू बाजार, सकाळी. भाजीवाल्या मावशींची भवानी रेकॉर्ड करायची होती, पहिल्या गिऱ्हाइकाची नोट तराजूला, डोळ्यांना आणि मग पिशवीत. गिऱ्हाईक आलं ते मोबाइलवाला पोरगा. स्कॅन केलं, खोक्यातनं बाईचा आवाज, "वीस रुपये प्राप्त झाले". मावशींनी त्या खोक्याला हात लावला, तराजूला लावला, डोळ्यांना लावला. मेथीची जुडी दिली. आवाज एकदम क्लीन, एका टेकमध्ये. पुढं गंजगोलाईत चक्कर मारली, सोळा रस्ते येऊन मिळतात तिथं मधोमध जगदंबेचं देऊळ, दुकानदार शटर वर करायच्या आधी देवळाकडं वळून हात जोडतात ते दिसतं छान, पण शटरच्या खडखडाटाशिवाय ऐकू काहीच येत नाही. सोडलं.

1 फेब्रुवारी, शनिवार

एडिटिंग. भाच्याशी वाद, चांगलाच. त्याचं म्हणणं, हे सगळं सवय आहे, त्या भाजीवाल्या मावशींना विचारलं तर आठवणारसुद्धा नाही हात लावला होता की नाही, मग यात देव कुठून आला, तूच वरून लावतेयस. बरोबर आहे त्याचं. म्हणजे सवय आणि भक्ती यातला फरक माइकला कळत नाही हे खरंच. पण मी त्याला म्हटलं, श्वास पण सवयच आहे, लक्षात कुठं असतो, म्हणून तो नसतो का? तर म्हणे हे कीर्तनातलं झालं. म्हटलं बरं, मग कुंभारआबांचं सांग, ती सवय आहे? त्यावर त्यानं हेडफोन घातले. तेरचा तुकडा त्यानंच कापलाय आणि टुण्णच्या मधली शांतता एवढीशीही कमी केली नाही, मी सांगितलं होतं वेळ वाचव म्हणून, ऐकलं नाही.

दुपारी शेजारच्या आज्जींचं तुळशीचं पाणी घेतलं. तांदूळ धुतलेलं पाणी पातेल्यातनं सावकाश ओततात, शेवटची धार बोटानं वळवून कट्ट्याच्या चिमणीच्या वाटीत. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायला लागलं होतं, एप्रिलमधली पहिली गाडी, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात आज्जी म्हणाल्या भांडी विसळलेलं पाणी तिसऱ्यांदा वापरून मग तुळशीला. "आंघोळ केली नाही कधी कधी. हिला चुकवलं नाही." का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

16 फेब्रुवारी, रविवार. किल्लारीकडं

ही नोंद आवाजाशिवाय. भूकंपानंतर नव्या जागी वसवलेल्या गावांपैकी एकात गेलो होतो. अशी 52 गावं आख्खी उठवून वसवली. एका काकूंकडं दिवेलागणीचा आवाज घ्यायचा होता, काडी ओढणं, वात, घंटी. काकूंनी सगळं करून दाखवलं आणि मग म्हणाल्या मशीन बंद कर, आवाज नको, लिहायचं तर लिही, नाव नको.

30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती पोचवून लोक दमून झोपलेले. दगडमातीची घरं, वर धाब्याचं वजन, सगळं अंगावर. काकूंच्या घरातली चार माणसं गेली. देवघरातले टाक ढिगाऱ्यात गेले ते सापडलेच नाहीत, शोधले पण नाहीत. "त्याला घालवून आलो आन् त्यानं आम्हाला घालवलं," असं त्या म्हणाल्या, रागानं नाही, गावाचा पत्ता सांगावा तसं. कितीतरी वर्षं हात जोडला नाही, नव्या घरात देवघराचा कोनाडा होता त्यात मीठ-मिरचीचे डबे ठेवले.

मग? मग काही झालं नाही. नातवाला ताप होता, रात्री पट्ट्या बदलत बसलेल्या, पट्टी पिळताना तोंडातनं निघालं, पांडुरंगा. "माझं मलाच वंगाळ वाटलं. कसा काय आला हा तोंडात. मग म्हटलं, आता आलायस तर बस, पट्टी पिळ." डबे खाली काढायला तरी अजून वर्षभर गेलं.

मी त्यावर काही बोलले नाही, बोलण्यासारखं नव्हतंच. भाचा बाहेर गाडीशी उभा होता, त्यानं सगळं ऐकलं होतं. काकूंनी निघताना आम्हाला दोघांना डब्यात शेंगदाण्याची चटणी दिली.

5 मार्च, बुधवार

रोजे चालू आहेत. गल्लीतल्या चाचींकडं पहाटे चारला सेहरीची तयारी रेकॉर्ड केली, मीच गेले, भाचा उठला नाही. कणकेचा पहिला गोळा तोडताना बिस्मिल्लाह, ओठातल्या ओठात, पोळी तव्यावर पडली की परत कामाचं बोलणं, दूध आटलं का बघ, अब्बांना उठव. ऐकताना सारखी थोरली चुलतीच डोळ्यापुढं. कोंबडा इथंपण आलाय, बहुतेक तोच.

9 मार्च, रविवार

मंडळाला ऐकवलं. सगळा मिळून तासाच्या आतबाहेर ऐवज, रोज दहा मिनिटं. ऐकून झाल्यावर बराच वेळ कुणी बोलेना, मग एक जण म्हणाले, "छानंय. पण ताई, यात देवाचं नाव कुठंय?" दुसरे म्हणाले मागं हळू आवाजात भजन सोडा, नाहीतर लोकांना वाटंल रेडिओ बिघडला. मी म्हटलं भजन सोडलं तर चिमटीचा आवाज मरतो. त्यांना चिमूट ऐकूच आली नव्हती, परत लावली, परत नाही आली.

चाचींच्या तुकड्यावर एक-दोघांनी तोंडं केली. उघड काही नाही, "सप्ताहात हे कशाला" एवढंच. वीणेकरी आबा कोपऱ्यात बसले होते, सात दिवस वीणा जमिनीला टेकू न देणाऱ्यातले, ते म्हणाले, "सप्ताहाचं पाणी कुणाच्या बोअरचं येतं दर साली?" पाणी चाचींच्याच बोअरचं. विषय तिथं मिटला, मिटला म्हणजे पुढं बोलणं झालं नाही. भजनाचं मात्र मला थोडं नमतं घ्यावं लागलं, प्रत्येक दिवसाच्या सुरुवातीला एक टाळ वाजणार, एकदाच. कुणाच्याच तुकड्याला नाव लावायचं नाही, कोण, कुठलं, काही नाही, हे माझं म्हणणं मान्य झालं.

17 मार्च, सोमवार

भाकरीचा दिवस. मांडवातल्या स्पीकरला बास एवढा वाढवलेला की थापण्याचा आवाज कुणाला तरी बडवतायत असा आला, पोरं हसली, मागनं कुणीतरी ओरडलं, "कोण मार खाऊलालंय?" साउंडवाल्याकडं पळत जाऊन बास कमी करायला लावला तोवर चिमूट निघून गेली. पण पहिला चर्रर्र आला तसा बायकांच्या बाजूनं एकीचा आवाज, "तवा लई तापलाय तिचा." चुलती तिथंच बसलेली, तिला इतका राग आला की हरिपाठ संपेपर्यंत तोंड फिरवून होती.

21 मार्च, शुक्रवार

सप्ताह काल षष्ठीला आटोपला, काल्याचं कीर्तन, महाप्रसाद, सगळं नीट. आपल्या कामाचा हिशोब असा. खोक्यातलं "वीस रुपये प्राप्त झाले" वाजलं तेव्हा मांडवातल्या अर्ध्या पुरुषांनी खिशातले फोन बघितले. त्याच रात्री कीर्तनकार महाराजांनी तो धागा उचलून पैशाच्या मोहावर अर्धा तास झोडपलं, म्हणजे नेमकं उलटं, मावशींचं काहीच मोहाचं नव्हतं, पण महाराजांना मध्येच कोण सांगणार. तेरच्या तुकड्याला पोरांनी खेळ केला, टुण्ण का भद्द ते ओरडून सांगायचं, आणि म्हाताऱ्यांनीही त्यात भाग घेतला. येळवशीचा तुकडा वाजला तेव्हा पावलं थांबतात तिथं आमच्या शेजाऱ्यानं, म्हणजे बांधाच्या केसवाल्या, मान वर करून चुलत्याकडं बघितलं असं भाचा म्हणतो. मी नव्हते बघत. तारीख एप्रिलमध्ये आहे.

भाच्यानं रेकॉर्डर परत दिलेला नाही. सुट्टीत पैठणला जाऊन नाथांच्या वाड्यातल्या रांजणात पाणी पडतानाचा आवाज घ्यायचा म्हणतोय, विश्वास अजून नाहीच असं मुद्दाम सांगून.

आणि वरच्या आळीच्या आक्का आल्या होत्या, काठी टेकत, भांडायलाच. सगळ्यांचं वाजवलं, माझं जातं का नाही घेतलं. जातं गुळगुळीत झालंय, दाणा नुसता फिरतो, त्याला टाकी लावल्याशिवाय, म्हणजे छिन्नीनं खरबरीत केल्याशिवाय, दळणार कसं, तर म्हणाल्या टाकीवाला सोमवारच्या बाजाराला येतो, त्याला मी बोलावते, पैसे तू दे. दोन किलो ज्वारी आणि पैसे बाजूला काढून ठेवलेत. टाकी लावतानाचाही आवाज घ्यायचा, छिन्नी जोरात वाजते, गेन आधीच कमी ठेवायचा.